दातात प्रथिन उरले हा दोष, हाडात प्रथिन कमी पडले हाही दोष : हे कसे?

कोलशेतकर, ठाणे

नमस्कार. गेल्या पंधरवड्यात दोन डॉक्टरांकडून ऐकलेल्या दोन वाक्यांचा मेळ मला लागत नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडते आहे.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या खालच्या कायमच्या दाढा नुकत्याच पूर्ण वर आल्या आहेत, मात्र त्यांतल्या एकीवर पिवळसर तपकिरी डाग आहे आणि तिच्या एका कोपऱ्याचा टवका आताच उडाला आहे. गार पाण्याने चूळ भरली तरी ती कळवळते, त्यामुळे दात घासताना नेमकी तीच बाजू चुकवते. आमच्या दंतवैद्यांनी तपासून सांगितले की ही कीड नव्हे. दात घडत असतानाच त्याच्या वरच्या आवरणात, म्हणजे दंतवल्कात, खनिज पुरेसे भरले गेले नाही आणि ‘जे प्रथिन निघून जायला हवे होते ते आत राहून गेले’. बाहेर रुग्णांची रांग असल्यामुळे अधिक विचारता आले नाही.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या हाडांच्या घनतेच्या तपासणीचा अहवाल आला आणि त्यांना ऑस्टिओपोरोसिस असल्याचे कळले. तेथील डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिले, आणि ‘आहारात प्रथिने वाढवा, हाड म्हणजे नुसता चुना नव्हे’ असेही बजावले.

आता माझी अडचण अशी आहे की दात आणि हाड दोन्ही कॅल्शियम-फॉस्फेटचेच बनलेले असतील, तर एकीकडे प्रथिन उरणे हा दोष आणि दुसरीकडे तेच प्रथिन आवश्यक, असे का? शिवाय रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट सगळीकडेच फिरत असते, तर मग हाडेच कठीण का होतात, आणि कातडी किंवा रक्तवाहिन्या का होत नाहीत? तिसरी गोष्ट थोडी घरगुती आहे. गरोदरपणात मळमळीमुळे मी कॅल्शियमच्या गोळ्या अधूनमधून सोडल्या होत्या, आणि मुलीच्या दाढेचे खापर घरात त्यावर फुटते आहे. त्यात तथ्य आहे का, हेही कोणी जाणकाराने सांगितल्यास उपकार होतील.

वाशीचे मास्तर

ताई, आपल्या दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. विसंगती वाटते याचे कारण एवढेच की ‘प्रथिन’ हा एकच शब्द दोघांनी अगदी निराळ्या पदार्थांसाठी वापरला आहे. मी नोकरीभर रसायनशास्त्र शिकवले, वैद्यक नव्हे, म्हणून हाडाच्या घडणीविषयी लिहितो आणि दाढेचा भाग दंतवैद्यांकडे सोपवतो.

हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, दहावा हिस्सा पाणी, आणि उरलेला सेंद्रिय पदार्थ. या सेंद्रिय भागापैकी सुमारे ९० टक्के एकच प्रथिन असते, ते म्हणजे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन. हे पटवून घ्यायचे असेल तर घरात सामिष चालत असल्यास कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि मध्ये एकदा व्हिनेगर बदलावे. आम्लाने खनिज विरघळून जाते, हाडाचा आकार जसाच्या तसा राहतो, पण ते रबरासारखे वाकते. उरते ते बहुतांशी कोलॅजेन. उलट तसेच दुसरे हाड विस्तवात लालभडक होईपर्यंत भाजले तर कोलॅजेन जळून जाते, आकार तेव्हाही राहतो, पण बोटाने दाबताच भुगा होतो. हा दुसरा प्रयोग सोसायटीत करू नये, वास चार मजले जातो, हे अनुभवाने सांगतो.

खनिज दाब सोसते आणि कोलॅजेन ताण सोसते, म्हणून हाड वाकवले तरी लगेच मोडत नाही. मात्र कोलॅजेनचे काम एवढ्यावर संपत नाही, कारण खनिजाने कुठे बसावे हेही तेच ठरवते. या रेणूची घडण उलगडण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेन म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेल्या तीन साखळ्या असल्याचे मांडले, तिपेडी दोर असावा तसे. या साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असावेच लागते, कारण पिळाच्या गाभ्यात दुसरे काही मावतच नाही. जनुकातल्या एका चुकीने ग्लायसिनच्या जागी मोठे अमिनो आम्ल आले की पीळ बिघडतो आणि मूल अशी हाडे घेऊन जन्माला येते की ती किरकोळ धक्क्यानेही मोडतात. त्या मुलांच्या शरीरात कॅल्शियमचा तुटवडा नसतो. बिघाड दोरात असतो.

असा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतो. गवंडी ज्याप्रमाणे विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, त्याप्रमाणे शेजारशेजारचे रेणू ६७ नॅनोमीटरने मागेपुढे सरकलेले असतात, आणि एका रेणूचे टोक व त्याच ओळीतल्या पुढच्या रेणूची सुरुवात यांच्यामध्ये सुमारे ४० नॅनोमीटरची फट राहते. कॅल्शियम-फॉस्फेट आधी अस्फटिकी, काहीसे ओलसर अशा रूपात या फटींपाशी आत शिरते आणि मग तेथे हायड्रॉक्सिअपॅटाइटचे स्फटिक आकार घेतात. ते पातळ पत्र्यासारखे असतात, जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर जाडीचे, आणि कोलॅजेनच्या लांबीला धरून रांगेत बसलेले. म्हणजे हाडातले खनिज प्रथिनावर लिंपलेले नसते, तर प्रथिनाच्या धाग्याच्या पोटात भरलेले असते.

कोलॅजेनच्या जोडीला थोड्या प्रमाणात आम्लधर्मी प्रथिने असतात, उदाहरणार्थ ऑस्टिओपाँटिन, बोन सायलोप्रोटीन आणि ऑस्टिओकॅल्सिन. त्यांच्या साखळीवर ऋण भार दाटीने असतो, त्यामुळे धन भाराचे कॅल्शियम त्यांना चिकटते. पूर्वी पाठ्यपुस्तकांत ‘ही प्रथिने कॅल्शियम गोळा करून हाड घडवतात’ असे सरळ लिहिलेले असे, पण चित्र तितके सरळ निघाले नाही. ऑस्टिओकॅल्सिनचे जनुक काढून टाकलेले उंदीर १९९६ साली अभ्यासले गेले, तेव्हा त्यांची हाडे खनिजाविना राहिली नव्हती. ऑस्टिओपाँटिन तर स्फटिकाला चिकटून त्याची वाढ रोखते. कॅल्शियमला धरणारे प्रथिन स्फटिकाला सुरुवात करून देऊ शकते तसेच त्याला थांबवूही शकते. ते कोठे आहे, किती आहे आणि त्यावर फॉस्फेटचे किती गट जोडलेले आहेत, यावर ते ठरते.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. कोलॅजेन कातडीत आहे, स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरांत आहे, आणि कॅल्शियम व फॉस्फेट रक्तातून सर्वत्र पोचते. तरीही आपण दगड होत नाही, याचे कारण शरीर सर्वत्र खनिज जमण्याला अटकाव करत असते. पायरोफॉस्फेट नावाचा एक छोटा रेणू, जो प्रथिन नव्हे, स्फटिकाला चिकटून त्याची वाढ अडवतो. हाड घडवणाऱ्या पेशी अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे विकर बाहेर काढतात आणि हे विकर पायरोफॉस्फेटचे तुकडे करते. अटकाव दूर होतो आणि फॉस्फेटही हाती लागते. हाडाच्या खनिजीभवनाशी या विकराचा संबंध लंडनमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ सालीच दाखवला होता. यकृताच्या रक्ततपासणीच्या अहवालात ज्याचा आकडा असतो, तेच हे विकर. वाढत्या मुलांत हा आकडा मोठ्यांपेक्षा जास्त असतो, ते हाडांमुळेच. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराच्या कातडीतल्या पेशींना हे विकर तयार करायला लावले, तर कातडीतले कोलॅजेन खनिजाने भरू लागले. धागा आणि अटकाव काढणारे विकर ही जोडी जेथे एकत्र असते तेथेच शरीरातले कोलॅजेन कठीण होते, आणि सामान्यतः ती एकत्र असते फक्त हाडात व दाताच्या आतल्या भागात.

रक्तवाहिन्यांसाठी पहारा अधिक कडक आहे. मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन नावाचे प्रथिन नसलेले उंदीर १९९७ साली अभ्यासले गेले. त्यांच्या धमन्या चुनखडीसारख्या होऊन फाटल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत मेले. यकृतात तयार होणारे फेटुइन-ए हे प्रथिनही रक्तातल्या कॅल्शियम-फॉस्फेटला बारीक कणांत बांधून निरुपद्रवी ठेवते. माझ्या मते या विषयात सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाजू हीच आहे. प्रथिने हाड कसे घडवतात हे सगळे विचारतात, पण नको तेथे हाड होऊ न देणाऱ्या प्रथिनांची आठवण धमन्या कडक झाल्यावरच होते.

सासूबाईंची आठवड्याची गोळी बहुधा बिसफॉस्फोनेट गटातली असावी. हा गट पायरोफॉस्फेटच्याच अभ्यासातून निघाला. विकराला तोडता येणार नाही असा त्याचा जुळा भाऊ रसायनशास्त्रज्ञांनी घडवला, तो हाडाच्या खनिजाला जाऊन चिकटतो आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना निकामी करतो.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. मुडदूस झालेल्या मुलाच्या हाडात प्रथिनाचा सांगाडा तयार असतो, पण खनिज भरत नाही, म्हणून हाड मऊ राहून वाकते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये प्रथिन आणि खनिज दोन्ही एकदमच घटतात, उरलेल्या हाडात त्यांचे प्रमाण जवळपास ठीकच असते, पण हाडच कमी उरते. नुसते कॅल्शियम दिले तर ते बसवायला जागा कोठे आहे, हा तेथील डॉक्टरांच्या वाक्याचा रोख असणार.

ऐरोलीचा अभियंता

मास्तरांचे वाचून मला साइट आठवली. हाडातले प्रथिन म्हणजे आरसीसीमधली सळई, ती आत राहणार म्हणूनच स्लॅब ताण सोसतो. दाताच्या आवरणातले प्रथिन म्हणजे सेंटरिंग, ते स्लॅब भरेपर्यंत हवे आणि नंतर उतरवलेच पाहिजे. ताईंच्या मुलीच्या दाढेत सेंटरिंग उतरवायचे राहिले, असे म्हणता येईल का?

नेरूळची दंतवैद्य

अभियंतासाहेब, उपमा चांगली आहे आणि मी ती पालकांना सांगण्यासाठी उसनी घेणार आहे, पण दोन ठिकाणी ती कमी पडते. सेंटरिंग स्लॅबच्या बाहेरून असते. दंतवल्कातले प्रथिन मात्र स्फटिकांच्या अधेमधे भरलेले असते, आणि ते जसजसे हटते तसतशी मोकळी झालेली जागा स्फटिक जाड होऊन व्यापतात. दुसरे असे की साइटवर काही बिघडले तर कंत्राटदाराला परत बोलावता येते. दंतवल्क घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट पेशी दात हिरडीतून वर येतानाच नष्ट होतात. म्हणून हाड मोडले तर जुळते, पण दंतवल्काचा टवका गेला की तो शरीराकडून कधीही भरून येत नाही.

कोलशेतकर ताई, मी लहान मुलांचे दात पाहते, त्यामुळे हे चित्र माझ्या खुर्चीत जवळजवळ रोज असते. दाताच्या आतला भाग, ज्याला दंतिन म्हणतात, तो हाडाचा भाऊबंद आहे. त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ, आणि तोच कोलॅजेनचा धागा. दंतवल्क मात्र वेगळ्याच घराण्यातले आहे. त्याला घडवणाऱ्या पेशी त्वचेसारख्या बाह्य थरातून आलेल्या असतात, त्यात कोलॅजेन नसते, आणि पूर्ण झालेल्या दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. उरलेले बहुतेक पाणी, आणि प्रथिन जेमतेम एक टक्का. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ.

पण तो सुरुवातीला तसा नसतो. अमेलोब्लास्ट पेशी आधी जे बाहेर टाकतात ते ओल्या पनीरसारखे मऊ असते. त्यातल्या प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के अमेलोजेनिन असते, आणि थोडे एनॅमेलिन व अमेलोब्लास्टिन. अमेलोजेनिनचे रेणू एकत्र येऊन बारीक गोळे होतात, आणि या प्रथिनांच्या सोबतीने स्फटिकांच्या अत्यंत बारीक, लांबच लांब फिती एकमेकींना न चिकटता समांतर वाढतात. या फितींना जाड होऊ न देता लांब होऊ देणे हेच प्रथिनांचे या टप्प्यातले काम. त्याच वेळी एमएमपी-२० नावाचे विकर अमेलोजेनिनचे तुकडे करू लागते. जाडी पूर्ण झाल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो. केएलके-४ हे दुसरे विकर उरलेल्या प्रथिनाचा चुरा करते, पेशी तो शोषून घेतात, आणि रिकाम्या जागेत खनिज भरत जाते. कायमच्या दाढेत हा दुसरा टप्पा महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावा लागतो. या विकरांची किंवा अमेलोजेनिनची जनुके बिघडलेली असली तर अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा होतो, पण त्यात साधारणपणे दुधाचे आणि कायमचे असे सगळेच दात बाधित असतात. अमेलोजेनिनचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर थोड्या फरकाने असते, आणि त्या फरकावरून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुना स्त्रीचा की पुरुषाचा हे ठरवतात. विषयांतर झाले, पण सांगितल्याशिवाय राहवले नाही.

आपण केलेल्या वर्णनावरून मुलीला मोलर इन्साइझर हायपोमिनरलायझेशन, थोडक्यात एमआयएच, असण्याची शक्यता अधिक वाटते. निदान अर्थातच प्रत्यक्ष तपासणाऱ्यांचेच. यात पहिल्या कायमच्या दाढा आणि बरेचदा पुढचे कायमचे दात एवढेच बाधित होतात, तेही ठिकठिकाणी, कडा स्पष्ट दिसणाऱ्या डागांच्या रूपात. आणि येथे आपल्या दंतवैद्यांच्या वाक्याला एक पुरवणी जोडते. या डागांच्या जागी प्रथिन निरोगी दंतवल्कापेक्षा कित्येक पट अधिक सापडते हे खरे, पण ते मुख्यतः उरून राहिलेले अमेलोजेनिन नसते. मेलबर्नच्या संशोधकांना तेथे रक्तातले अल्ब्युमिन ठळकपणे आढळले. घडणाऱ्या दातात ते झिरपून स्फटिकांना चिकटले की स्फटिक पुढे वाढत नाहीत. म्हणजे अभियंतासाहेबांच्या भाषेत, सेंटरिंग उतरले होते, पण काँक्रीट भरण्याआधी शेजारच्या नाल्याचे पाणी साच्यात शिरले.

गरोदरपणातल्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगते. पहिल्या कायमच्या दाढेत खनिज भरायला सुरुवातच जन्माच्या सुमारास होते आणि तिचा माथा अडीच ते तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतो. म्हणजे बिघाड झाला असेल तर तो बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या तीन वर्षांतला. त्या वयातल्या तापाच्या वारंवार आजारांशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण एकच ठाम कारण सिद्ध झालेले नाही. आपण सोडलेल्या गोळ्यांवर याचे खापर फोडायला शास्त्राचा आधार नाही, हे घरी जरूर वाचून दाखवा.

आता उपायांबद्दल. दाढ कच्च्या खडूसारखी असल्याने किडायला आणि झिजायला वेळ लागत नाही, म्हणून थांबू नये. फ्लोराइड वार्निश, ग्लास आयोनोमरचे आवरण, आणि टवका मोठा असेल तर स्टीलची टोपी, या क्रमाने विचार होतो. येथेही प्रथिन आडवे येते. नेहमीचे दाताच्या रंगाचे फिलिंग बसवताना आम्लाने दंतवल्क खरवडून घेतात, पण प्रथिनाने भरलेला भाग नीट खरवडला जात नाही आणि फिलिंग निसटते. म्हणून काही दंतवैद्य आधी सोडियम हायपोक्लोराइटने ते प्रथिन पुसून घेतात. मुलीला कोमट पाण्याने दात घासू द्या, ती बाजू चुकवणे आपोआप थांबेल.

सासूबाईंसाठी एक सूचना. ती आठवड्याची गोळी घेणाऱ्यांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला त्याची कल्पना अवश्य द्यावी. हाड कुरतडणाऱ्या पेशी थंडावलेल्या असल्याने क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

कोलशेतकर, ठाणे

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. दंतवैद्य ताईंचा गरोदरपणातल्या गोळ्यांबद्दलचा परिच्छेद जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला, आणि त्यावर सासूबाई फक्त ‘बरं’ म्हणाल्या. आमच्या घरात एवढे पुष्कळ झाले.

दोन उपप्रश्न उरतात. सासूबाईंना शेजारच्या काकूंनी कोलॅजेनच्या पावडरीचा डबा सुचवला आहे. हाडाचा धागाच कोलॅजेनचा असेल तर ती पावडर थेट हाडात जाईल, असा त्यांचा तर्क आहे. आणि दूध प्यायल्याने दात घट्ट होतात असे मुलीला रोज सांगितले जाते, त्यात प्रथिनाचा काही संबंध आहे का?

वाशीचे मास्तर

काकूंचा तर्क ऐकायला चोख आहे, पण वाटेत जठर आणि आतडे आहे. पोटात गेलेले कोलॅजेन पचून अमिनो आम्ले आणि छोटे तुकडे होते, तिपेडी दोर म्हणून ते हाडापर्यंत पोचत नाही. हाडातला दोर तेथील पेशी स्वतः वळतात, आणि त्यासाठी लागणारी अमिनो आम्ले डाळ, अंडी, दूध, मासळी यांतूनही मिळतात. कोलॅजेन हे ट्रिप्टोफॅन नसलेले अपुरे प्रथिन आहे, म्हणून जेवणातल्या प्रथिनाच्या जागी ती पावडर धरू नये. दोर पक्का व्हायला क जीवनसत्त्वही लागते, कारण प्रोलिन या अमिनो आम्लावर ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट बसवणारे विकर त्याशिवाय चालत नाही. लांबच्या सफरींत ताजे अन्न न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्या सुजून दात हलू लागत, त्याचे मूळ हेच. आवळा डब्यापेक्षा स्वस्त पडेल.

दुधाचा प्रश्न मात्र फार सुंदर आहे. दुधात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की ते पाण्यात नुसते विरघळवून ठेवता येणार नाही, साका खाली बसेल. ते केसीन या प्रथिनाने बारीक गोळ्यांत धरून ठेवलेले असते. आता गंमत पाहा. मानवाच्या चौथ्या गुणसूत्रावर केसीनची जनुके, दंतवल्कातल्या एनॅमेलिन व अमेलोब्लास्टिनची जनुके, लाळेतल्या स्टॅथेरिनचे जनुक आणि हाडातल्या ऑस्टिओपाँटिनचे जनुक एकाच टापूत आहेत, आणि ही सगळी एकाच पूर्वज जनुकापासून वेगळी होत गेली असे २००३ साली कावासाकी आणि वाइस यांनी मांडले. कॅल्शियम-फॉस्फेटला आवर घालणे हे या कुटुंबाचे पिढीजात काम. दूध त्याला विरघळलेले ठेवते, लाळ दातावर नको तेवढे जमू देत नाही, दंतवल्कात तेच स्फटिकांना रांगेत लावते. तरी आलेल्या दाढेचे दंतवल्क आतून दुरुस्त करण्याचे काम दूध करत नाही, कारण ते करणाऱ्या पेशी उरलेल्या नाहीत, हे दंतवैद्य ताईंनी वर सांगितलेच आहे. वाढत्या हाडांना आणि अजून जबड्यात घडत असलेल्या मागच्या दाढांना मात्र ते उपयोगी आहेच.

या कुटुंबाचा पुरावा आपल्या ताटातही येतो. मोरीच्या कालवणात बांगड्यासारखा काटा लागत नाही, कारण मोरी, म्हणजे शार्क, हिचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. २०१४ साली शार्कच्या दूरच्या नातलग असलेल्या एका कूर्चामीनाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा या कुटुंबातली जनुके त्यात नसल्याचे दिसले. त्यांच्या सांगाड्यात हाड का नाही, याचे ते एक मोठे स्पष्टीकरण मानले जाते.

नेरूळची दंतवैद्य

दुधावरून एक व्यवहाराची गोष्ट. मेलबर्न विद्यापीठातील एरिक रेनॉल्ड्स यांनी केसीनचेच तुकडे वापरून अस्फटिकी कॅल्शियम-फॉस्फेट धरून ठेवणारे मिश्रण तयार केले, आणि त्याची क्रीम दातांवर लावण्यासाठी मिळते. एमआयएचमध्ये संवेदनशीलता कमी करण्यासाठी आम्ही ती काही मुलांना देतो. ती पृष्ठभागाजवळचे खनिज थोडे वाढवते, पण गेलेला टवका भरून आणत नाही. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ती चालत नाही. आपल्या दंतवैद्यांना विचारूनच घ्यावी.

मास्तरांनी स्टॅथेरिनचा उल्लेख केला म्हणून लिहिते. आपली लाळ कॅल्शियम-फॉस्फेटने इतकी भरलेली असते की ४३ अमिनो आम्लांचे हे छोटे प्रथिन आणि त्याचे सोबती नसते तर दातांवर सतत साका बसत राहिला असता. जेथे जंतूंचा थर साचून राहतो, तेथे त्यांचा अंमल चालत नाही आणि कीटण जमते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे लाळेच्या ग्रंथी तोंड उघडतात, ते सर्वांत आधी दिसते.

कोलशेतकर, ठाणे

कोंबडीचे हाड शनिवारपासून खिडकीत व्हिनेगरमध्ये आहे आणि मुलगी ते रोज शाळेतून आल्यावर वाकवून पाहते. आज पाचव्या दिवशी टोके लवचिक झाली आहेत, मधला भाग अजून ताठ आहे. तिचा एक प्रश्न मला सोडवता आला नाही, तो जसाच्या तसा देते: ‘मोरीला हाडे नसतात, मग तिचे दात इतके कडक कसे?’

वाशीचे मास्तर

मधला भाग दाट हाडाचा असतो, त्याला आणखी दोन-तीन दिवस आणि ताजे व्हिनेगर द्या.

मुलीचा प्रश्न मी वर सोयीस्करपणे टाळलेल्या जागीच येऊन बसला आहे. मोरीच्या दाताच्या आत आपल्यासारखेच दंतिन असते आणि त्यावर दंतवल्कासारखा एक कठीण थर. मात्र तो आपल्या अमेलोजेनिनच्या वाटेने न घडता, कोलॅजेनचा सहभाग असलेल्या निराळ्या जाळीत घडतो, आणि त्याचे खनिज हायड्रॉक्सिअपॅटाइटऐवजी मुख्यतः फ्लोरॲपॅटाइट असते, जे आम्लात कमी विरघळते. शिवाय तिचे दात जन्मभर रांगेने पुढे सरकत राहतात, पुढचा पडला की मागचा त्याची जागा घेतो. आपल्याला कायमच्या दाढा एकदाच मिळतात, म्हणून तिला सांगा की व्हिनेगरमध्ये हाडच घालावे, पडलेला दुधाचा दात घालायचा असेल तर आधी आईला विचारावे.